ऑब्जेक्ट घडवायचा हक्क कोणाचा?

हिंगण्याचा पिनकोड ४४१११०. तिथून नागपूरकडे निघालं की एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या पाट्यांवर ४४००१६ दिसतो आणि डिगडोह टेकडीच्या बाजूला ४४००१९. एकाच रस्त्यावर तीन पिनकोड. ही सहा आकडी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर दळणवळण मंत्रालयात अधिकारी होते आणि संस्कृतचे लेखकही. पहिला आकडा ४ असला तर पत्ता महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडातला. शून्यानं सुरू होणारा पिनकोड नसतो.

आता हा पिनकोड एखाद्या मोबाइल ॲपमध्ये साठवायचा आहे. प्रोग्रामर त्यासाठी एक क्लास लिहितो आणि पहिल्याच ओळीत त्याला ठरवावं लागतं, की या क्लासचा ऑब्जेक्ट जन्माला कसा येणार. एक वाट कन्स्ट्रक्टरची. क्लासचं नाव लिहायचं, कंसात माहिती द्यायची, नवा ऑब्जेक्ट हातात. दुसरी वाट स्टॅटिक फॅक्टरी मेथडची. कन्स्ट्रक्टर खासगी करून दडवायचा आणि क्लासवरच एक मेथड ठेवायची. बाहेरच्यांनी तिला मागायचं, ती आतून ऑब्जेक्ट काढून देणार. एमआयडीसीतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये जसा टूल रूमचा स्टोअरकीपर असतो, तशी ही मेथड. तुम्ही खिडकीवर ड्रिल बिट मागता. तो नवा काढून देईल, कालचाच परत देईल, त्याच मापाचा दुसऱ्या कंपनीचा देईल, नाहीतर चिठ्ठी चुकली म्हणून परत पाठवेल. कन्स्ट्रक्टरला यातलं फक्त पहिलं जमतं. चिठ्ठी चुकली तर एक्सेप्शन फेकून आरडाओरडा करणं एवढंच त्याच्या हातात उरतं.

हिंगणा रोडवर हा प्रश्न दरवर्षी नव्यानं उगवतो. वानाडोंगरीचं यशवंतराव चव्हाण अभियांत्रिकी महाविद्यालय १९८४ पासून आहे, पुढे रायसोनी, प्रियदर्शिनी आहेत. जावा शिकून कोटलिन किंवा फ्लटरकडे वळणारी मुलं दर वर्षी इथून बाहेर पडतात. त्यातली काही मिहान आणि परसोडीच्या आयटी पार्ककडे जातात, बरीचशी पुण्याला. मुलाखतीत ‘कन्स्ट्रक्टर चांगला की फॅक्टरी मेथड?’ असं विचारलं, की पाठ केलेलं उत्तर येतं: फॅक्टरी मेथड, कारण तिला नाव देता येतं. उत्तर चूक नाही. पण ते एका विशिष्ट भाषेसाठी, एका विशिष्ट काळात दिलेलं उत्तर आहे. मोबाइलवर त्याचा अर्धा आधार निघून गेला आहे, आणि उरलेल्या अर्ध्याला मोबाइलनंच एक वेगळी अट घातली आहे.

हे उत्तर मूळचं जोशुआ ब्लॉक यांचं. ते सन मायक्रोसिस्टम्समध्ये जावाच्या लायब्ररींवर काम करत, पुढे गूगलमध्ये गेले. त्यांचं ‘इफेक्टिव्ह जावा’ २००१ साली आलं, २००८ साली दुसरी आवृत्ती निघाली आणि २०१८ साली तिसरी. पुस्तकातला पहिलाच सल्ला असा, की कन्स्ट्रक्टर लिहिण्याआधी स्टॅटिक फॅक्टरी मेथडचा विचार करा. त्यामागची कारणं थोडक्यात अशी. मेथडला नाव असतं. दरवेळी नवा ऑब्जेक्ट बनवायची सक्ती नसते. परतीला उपक्लासचा ऑब्जेक्ट देता येतो आणि तो क्लास बाहेरच्यांना दिसायचीही गरज नसते. तोटेही ब्लॉक यांनीच सांगितले आहेत. सगळे कन्स्ट्रक्टर खासगी केले तर त्या क्लासचा उपक्लास काढता येत नाही. शिवाय अशा मेथडी कागदपत्रांत पटकन नजरेत भरत नाहीत. मुलाखतीच्या तयारीत तोटे सहसा गळून पडतात.

इथे एक गफलत आधीच दूर केलेली बरी. गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडिस या चौघांच्या १९९४ सालच्या ‘डिझाइन पॅटर्न्स’मध्ये ‘फॅक्टरी मेथड’ नावाचा एक पॅटर्न आहे. ती गोष्ट वेगळी. कोणता ऑब्जेक्ट बनवायचा हे तिथे उपक्लास ठरवतो. स्टॅटिक मेथड उपक्लासला असं काही ठरवूच देत नाही. ब्लॉक यांनी हा फरक स्पष्ट लिहूनही दोन्ही एकच समजून उत्तरं दिली जातात.

जावाची स्वतःची वाटचाल मात्र ब्लॉक यांच्या बाजूनं साक्ष देते. जुन्या ‘डेट’ क्लासचा कन्स्ट्रक्टर वर्ष म्हणून १९०० नंतरची वर्षं मागतो. त्याला भाबडेपणानं २०२४ दिलं की तो मुकाट ३९२४ साल धरतो. कंसातल्या आकड्याला नाव नाही, मग चूक दिसणार कुठून? २०१४ साली जावा ८ मध्ये तारखांची नवी लायब्ररी आली. तिच्यातल्या ‘लोकलडेट’ला सार्वजनिक कन्स्ट्रक्टरच नाही. ‘ऑफ’, ‘पार्स’, ‘नाऊ’ यांतूनच तारीख मिळते. जावा ५ पासून ‘इंटिजर.व्हॅल्यूऑफ’ उणे १२८ ते १२७ एवढे आकडे तयार ठेवून तेच पुन्हा पुन्हा देते. ‘इंटिजर’चा कन्स्ट्रक्टर जावा ९ मध्ये, म्हणजे २०१७ साली, वापरू नये अशा यादीत गेला. २०२२ साली जावा १९ मध्ये ‘लोकेल’चे कन्स्ट्रक्टर त्याच यादीत गेले आणि त्यांच्या जागी ‘लोकेल.ऑफ’ आली. पंचवीसेक वर्षांत सर्व्हरवरची जावा अशी फॅक्टरी मेथडकडे सरकत गेली.

हीच जावा फोनवर आली तेव्हा ऑब्जेक्ट बनवण्याचा हक्क प्रोग्रामरकडे पूर्ण उरला नाही.

सर्व्हरवर प्रोग्राम सुरू झाला की शेवटपर्यंत तुमचा. ॲन्ड्रॉइडवर तसं नसतं. तुमची स्क्रीन, म्हणजे ‘ॲक्टिव्हिटी’, सिस्टीम बनवते आणि सिस्टीमच मारते. फोन आडवा केला तर ती मोडून पुन्हा बांधली जाते. दुसऱ्या ॲपला मेमरी हवी झाली तर तुमची अख्खी प्रोसेस बंद होते. वापरणारा तासाभरानं परत आला की त्याला सगळं जिथल्या तिथे हवं असतं, म्हणून सिस्टीम तीच स्क्रीन नव्यानं उभी करते. उभी करताना तिच्याजवळ फक्त क्लासचं नाव आणि साठवून ठेवलेलं एक बोचकं असतं, ज्याला ‘बंडल’ म्हणतात. तुमच्या कन्स्ट्रक्टरला काय द्यायचं हे तिला माहीत नसतं. म्हणून ती एकच गोष्ट करते: रिकामा कन्स्ट्रक्टर शोधते आणि बोलावते.

याचा फटका सगळ्यात जास्त ‘फ्रॅगमेंट’मध्ये, म्हणजे स्क्रीनच्या तुकड्यात, बसतो. फेब्रुवारी २०११ मध्ये ॲन्ड्रॉइड ३.० टॅबलेटसाठी आलं, त्यात फ्रॅगमेंट आले. नवशिका विद्यार्थी सरळ कन्स्ट्रक्टरमध्ये ग्राहकाचा क्रमांक देतो. ॲप चालतं, प्रोजेक्ट दाखवून होतो. कुणीतरी फोन आडवा करतो आणि ॲप कोसळतं, कारण सिस्टीमला रिकामा कन्स्ट्रक्टर सापडत नाही. मग कुणीतरी सांगतं, ‘न्यूइन्स्टन्स’ नावाची स्टॅटिक मेथड लिही. विद्यार्थी लिहितो. तिच्या आत रिकाम्या कन्स्ट्रक्टरनं फ्रॅगमेंट बनवतो आणि ग्राहकाचा क्रमांक थेट त्याच्या फील्डमध्ये टाकतो. आता फोन आडवा केला तर लगेच कोसळणं नाही. फील्ड मात्र रिकामं. स्क्रीनवर ग्राहकच नाही, किंवा दुसऱ्याच कुठल्या ओळीत ॲप पडतं आणि कारण शोधायला दुपार जाते.

या प्रकरणातून घ्यायची गोष्ट सहसा उलटी घेतली जाते. फ्रॅगमेंटला फॅक्टरी मेथड वाचवत नाही, बंडल वाचवतं. माहिती ‘आर्ग्युमेंट्स’ म्हणून बंडलमध्ये ठेवली तर सिस्टीम ती जपते आणि पुढच्या जन्मी परत देते. ‘न्यूइन्स्टन्स’ ही फक्त बंडल भरण्याची सोयीची जागा. ती न लिहिता कुणी दोन ओळींत बंडल भरलं तरी काही बिघडत नाही, आणि बंडल न भरता ती लिहिली तर ती निरुपयोगी. तरी कोड रिव्ह्यूत ‘न्यूइन्स्टन्स कुठे आहे?’ असं विचारणारे भेटतात, ‘बंडल कुठे आहे?’ असं विचारणारे कमी.

‘व्ह्यू’ची गोष्टही अशीच. तुम्ही स्वतःचं बटण बनवलं आणि ते एक्सएमएल लेआउटमध्ये लिहिलं, की ‘लेआउटइन्फ्लेटर’ त्याचा दोन आर्ग्युमेंटांचा कन्स्ट्रक्टर रिफ्लेक्शननं शोधतो: एक कॉन्टेक्स्ट, एक ॲट्रिब्यूटसेट. तो कन्स्ट्रक्टर खासगी करून फॅक्टरी मेथड ठेवाल तर लेआउट फुगणारच नाही. ‘व्ह्यूमॉडेल’ २०१७ साली आलं ते फोन आडवा झाल्यावरही माहिती टिकावी म्हणून. त्याचा कन्स्ट्रक्टर तुम्ही स्वतः बोलावला तर ऑब्जेक्ट मिळतो, पण टिकत नाही, कारण सिस्टीमच्या वहीत त्याची नोंदच होत नाही. तिथे फॅक्टरी लागतेच. मात्र ती क्लासवरची स्टॅटिक मेथड नसून सिस्टीमच्या हाती दिलेला वेगळा फॅक्टरी ऑब्जेक्ट असते. कधी बोलावायचं ते सिस्टीम ठरवते, कसं बनवायचं ते तुम्ही.

आयफोनवर चित्र फारसं वेगळं नाही. स्टोरीबोर्डवर काढलेली स्क्रीन सिस्टीम एका ठरलेल्या इनिशियलायझरनं बांधते, आणि तो आपल्याला नको असला तरी लिहावा लागतो. एक्सकोड त्यात ‘हे लिहिलेलं नाही’ असं सांगून ॲप पाडणारी एक ओळ आपणहून घालून देतो. आयओएसच्या कित्येक प्रोजेक्टांत ती ओळ वर्षानुवर्षं तशीच पडलेली असते. २०१९ साली दोन्हीकडे थोडी मोकळीक मिळाली, हा योगायोग मला बोलका वाटतो. ॲपलनं आयओएस १३ मध्ये स्टोरीबोर्डमधून स्क्रीन बनवताना स्वतःचा इनिशियलायझर बोलावायची परवानगी दिली. गूगलनं त्याच वर्षी सप्टेंबरात ‘फ्रॅगमेंटफॅक्टरी’ स्थिर आवृत्तीत आणली, म्हणजे फ्रॅगमेंटच्या कन्स्ट्रक्टरला आर्ग्युमेंट देता येऊ लागलं. त्याआधी २०१८ साली ॲन्ड्रॉइड ९ मध्ये ॲक्टिव्हिटीसाठीही अशी सोय झाली होती. दोन्ही कंपन्यांनी मागणी मान्य केली ती कन्स्ट्रक्टरची. फॅक्टरी मेथड तर आधीपासून होतीच.

ॲन्ड्रॉइडच्या आत फॅक्टरी मेथडी भरपूर आहेत आणि त्यातल्या काहींमागं चोख कारण आहे. ‘मेसेज’चा कन्स्ट्रक्टर सार्वजनिक आहे, तरी कागदपत्रं सांगतात की त्यापेक्षा ‘ऑब्टेन’ वापरणं उत्तम, कारण वापरून झालेले मेसेज पन्नासपर्यंत एका साठ्यात ठेवले जातात आणि तेच परत दिले जातात. २००८ साली पहिला ॲन्ड्रॉइड फोन आला तेव्हा डाल्विक व्हर्च्युअल मशीनचं कचरा उचलणं स्क्रीनला झटके देत असे. तेव्हा प्रत्येक वाचवलेला ऑब्जेक्ट मोलाचा होता. २०१४ साली ॲन्ड्रॉइड ५ मध्ये डाल्विकच्या जागी एआरटी आलं, पुढे ॲन्ड्रॉइड ८ मध्ये कचरा उचलण्याची पद्धत पुन्हा बदलली आणि छोटा ऑब्जेक्ट बनवणं स्वस्त झालं. सिस्टीमच्या आतल्या, सेकंदाला शेकड्यांनी जाणाऱ्या मेसेजांना साठा आजही शोभतो. साध्या ॲपमध्ये आपल्या ‘ग्राहक’ क्लासला ‘ऑब्टेन’ लिहून साठा बांधणं म्हणजे २००९ सालचं दुखणं २०२५ सालच्या फोनला लावणं.

काही फॅक्टरी मेथडी नुसत्या सोयीच्या असतात, तर काही सापळे लावतात. ‘टोस्ट.मेकटेक्स्ट’ ऑब्जेक्ट देते पण दाखवत नाही. ‘शो’ लिहायचं विसरलं की संदेश कधीच येत नाही, आणि हे न विसरलेला प्रोग्रामर मला अजून भेटायचा आहे. ‘कॅलेंडर.गेटइन्स्टन्स’ तर नावातच सांगत नाही की काय हाती येईल. लॅपटॉपवरच्या जावात भाषा थाई आणि देश थायलंड केला तर ती बौद्ध कॅलेंडर देते आणि २०२५ च्या जागी २५६८ साल येतं. ॲन्ड्रॉइडवर तीच मेथड नेहमी ग्रेगोरियनच देते. आयफोनवर वापरणाऱ्यानं सेटिंगमध्ये जे निवडलं असेल ते. हे थायलंडचं प्रकरण म्हणून सोडून देऊ नये. दीक्षाभूमीच्या शहरात फोनवर बौद्ध कॅलेंडर लावणारा माणूस असणं अशक्य नाही, आणि आपल्याकडे १९५६ साली बुद्धाब्द २५०० मोजला गेला तेव्हा थायलंडच्या मोजणीत ते २४९९ होतं. फॅक्टरी मेथड ‘परतीला काहीही देऊ शकते’ हा जो तिचा गुण सांगतात, त्याची दुसरी बाजू ही अशी.

आता कोटलिन, आणि पुन्हा पिनकोड. जेटब्रेन्सच्या या भाषेची १.० आवृत्ती फेब्रुवारी २०१६ मध्ये आली, २०१७ साली गूगलनं ती ॲन्ड्रॉइडसाठी अधिकृत केली आणि २०१९ पासून पहिली पसंती तिलाच. कोटलिनमध्ये ‘स्टॅटिक’ नाहीच. त्याऐवजी ‘कंपॅनियन ऑब्जेक्ट’ असतो आणि फॅक्टरी मेथड तिथे राहते. पण मुख्य फरक वेगळा आहे. कोटलिनच्या कन्स्ट्रक्टरमध्ये प्रत्येक आर्ग्युमेंटला नावानं हाक मारता येते आणि न दिलेल्याला ठरलेली किंमत मिळते. वर्ष कुठलं आणि महिना कुठला हा गोंधळ संपतो. ब्लॉक यांचं पहिलं कारण, नाव, इथे जवळजवळ निकालात निघतं. ते कारण पुढे करून कोटलिनमध्ये सरसकट फॅक्टरी मेथडी लिहिणं ही केवळ सवय आहे.

मग पिनकोडसाठी कन्स्ट्रक्टर पुरेल? इथे मराठीचा स्वतःचा एक पेच आडवा येतो. मराठी कीबोर्ड लावलेला माणूस साध्या मजकुराच्या रकान्यात ४४१११० असं देवनागरीत लिहितो. दुसरा तोच पिनकोड इंग्रजी आकड्यांत लिहितो. माणसासाठी एकच पत्ता, संगणकासाठी दोन वेगळे मजकूर. कोटलिनचा ‘डेटा क्लास’ दोघांची तुलना करून सांगेल की हे दोन भिन्न पिनकोड आहेत. कन्स्ट्रक्टरच्या ‘इनिट’ भागात चुकीचा पिनकोड नाकारता येतो, पण आलेला मजकूर तिथे बदलता येत नाही, कारण तो ‘व्हॅल’ म्हणून आधीच बसलेला असतो. देवनागरी आकडे इंग्रजीत उतरवायचे, मधली मोकळी जागा काढायची, पहिला आकडा शून्य असेल तर नाकारायचं आणि हे सगळं करून मगच ऑब्जेक्ट बनवायचा: हे काम फॅक्टरी मेथडचं. ती चुकलेल्या पिनकोडला ‘नल’ देऊन शांतपणे नाही म्हणू शकते, ॲप न पाडता.

यात तपासणीची एक खोच आहे. आकडा ओळखणारं रेग्युलर एक्स्प्रेशनचं चिन्ह लॅपटॉपवरच्या जावात फक्त इंग्रजी आकड्यांना होकार देतं. ॲन्ड्रॉइडवर तेच चिन्ह युनिकोडमधल्या सगळ्या आकड्यांना, म्हणजे देवनागरीलाही, होकार देतं. म्हणून लॅपटॉपवर युनिट टेस्ट पास होते आणि फोनवर देवनागरी पिनकोड चाळणीतून निसटून सर्व्हरकडे जातो. उलट दिशेनंही हेच होतं. फोनची भाषा मराठी केली की लोकेल न सांगता आकडा ‘फॉरमॅट’ केल्यावर तो देवनागरीत येतो. तो माणसाला दाखवायचा असेल तर उत्तम, सर्व्हरला किंवा डेटाबेसला पाठवायचा असेल तर घात. हिंगण्याच्या माणसासाठी ॲप बनवणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं, कारण भाषा इंग्रजीच ठेवणाऱ्या दूरच्या टेस्टरच्या फोनवर यातलं काहीच दिसत नाही.

तर पिनकोडचा कन्स्ट्रक्टर खासगी केला, फॅक्टरी मेथड लिहिली. दार बंद झालं का? नाही. डेटा क्लासला कोटलिन ‘कॉपी’ नावाची मेथड फुकट देतं. कन्स्ट्रक्टर खासगी असूनही ती वर्षानुवर्षं सार्वजनिक होती, म्हणजे कुणीही चांगल्या पिनकोडची कॉपी काढून त्यात ‘अबक’ भरू शकत असे. ऑगस्ट २०२४ च्या कोटलिन २.०.२० पासून कंपायलर याबद्दल इशारा देतो आणि ‘कॉपी’ला कन्स्ट्रक्टरइतकीच दृश्यता देण्याची सोय आहे. दुसरी खिडकी जेसनची. सर्व्हरकडून आलेल्या जेसनमधून ऑब्जेक्ट बनवणारी गूगलची ‘जीसन’ लायब्ररी रिकामा कन्स्ट्रक्टर सापडला नाही तर कन्स्ट्रक्टर वगळूनच ऑब्जेक्ट उभा करते. तुमची फॅक्टरी नाही, तुमचं ‘इनिट’ नाही, कोटलिननं दिलेली ‘नल नाही’ ही हमीही नाही. कोटलिनच्या स्वतःच्या सीरियलायझेशन लायब्ररीत निदान ‘इनिट’ची तपासणी चालते. आणि डेटाबेससाठी ‘रूम’ वापरलं तर त्याला वापरता येण्याजोगा सार्वजनिक कन्स्ट्रक्टर हवाच असतो, खासगी दिसला की ते बिल्डच होऊ देत नाही.

म्हणजे पिनकोडसारख्या छोट्या ऑब्जेक्टलाही घडवणारे बरेच: तुम्ही, जेसन लायब्ररी, डेटाबेस. यावर मला पटलेला तोडगा असा. नाकारायचं काम ‘इनिट’मध्ये ठेवावं, म्हणजे कुठल्याही दारानं आलेला चुकीचा पिनकोड बहुतेक वेळा अडतो. उतरवून घ्यायचं, साफ करायचं काम फॅक्टरी मेथडमध्ये ठेवावं. आणि सर्व्हर व डेटाबेस यांच्यासाठी वेगळे, साधे, उघड्या कन्स्ट्रक्टरचे क्लास ठेवून त्यांचं रूपांतर आपल्या क्लासमध्ये करावं. काम थोडं वाढतं. पत्ता, फोन, रक्कम अशा गोष्टींसाठी ते करण्याजोगं आहे. ‘सेटिंग स्क्रीनचा रंग’ अशा क्लाससाठी ते करणं हास्यास्पद आहे.

फ्लटरवाल्यांना हा वाद थोडा परका वाटतो, कारण डार्ट भाषेनं तो बराचसा सोडवून टाकला आहे. डार्टमध्ये कन्स्ट्रक्टरलाच नाव देता येतं: ‘लिस्टव्ह्यू.बिल्डर’, ‘एजइन्सेट्स.ओन्ली’, ‘इमेज.नेटवर्क’. शिवाय ‘फॅक्टरी’ हा भाषेचाच शब्द आहे. तो लावलेला कन्स्ट्रक्टर जुना ऑब्जेक्ट किंवा उपक्लासचा ऑब्जेक्ट परत देऊ शकतो. जेसनमधून ऑब्जेक्ट बनवणारा ‘फ्रॉमजेसन’ बहुतेक असाच लिहितात. आणि डार्टच्या लिंटरमध्ये एक नियमच आहे की ऑब्जेक्ट बनवणाऱ्या स्टॅटिक मेथडीऐवजी कन्स्ट्रक्टर लिहा. ब्लॉक यांच्या पहिल्या सल्ल्याच्या बरोबर उलट. दोघंही आपापल्या भाषेत बरोबर आहेत, आणि म्हणूनच या प्रश्नाचं भाषा सोडून दिलेलं उत्तर ऐकलं की सावध व्हावं.

स्विफ्टचा प्रवास याहून गमतीचा. जुन्या ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये ‘ॲलॉक-इनिट’ आणि ‘स्ट्रिंगविथफॉरमॅट’सारख्या फॅक्टरी मेथडी यांत खरा फरक होता. पहिल्यानं मिळालेला ऑब्जेक्ट तुमच्या मालकीचा, सोडायची जबाबदारी तुमची. दुसऱ्यानं मिळालेला आपोआप सुटणारा. २०११ साली एआरसी आलं आणि कंपायलरनं ही जबाबदारी उचलली. मग २०१४ साली स्विफ्ट आली तेव्हा ॲपलनं जुन्या फॅक्टरी मेथडी सरळ इनिशियलायझरच्या रूपात आयात केल्या: ‘कलरविथरेड’ची ‘यूआयकलर’च्या कंसातली ‘रेड’ झाली. आर्ग्युमेंटला नावं भाषेतच, नकार देणारा ‘इनिट’ही भाषेतच. फॅक्टरीचा एक मोठा कोपरा असा रिकामा झाला.

एका बाबतीत मात्र कोटलिन आणि डार्टमध्ये फॅक्टरीला पर्याय नाही. ऑब्जेक्ट बनताना फाइल वाचायची किंवा नेटवर्ककडे जायचं असेल तर कन्स्ट्रक्टर थांबू शकत नाही. कोटलिनमध्ये कन्स्ट्रक्टर ‘सस्पेंड’ होत नाही आणि डार्टमध्ये तो ‘असिंक’ होत नाही. स्विफ्टमध्ये २०२१ पासून इनिशियलायझर असिंक असू शकतो. इतर दोघांत ‘क्रिएट’सारखी मेथड लिहावीच लागते, आणि तिथे ती लिहिण्यात वाद घालायचं काही नाही.

उरला डिपेन्डन्सी इंजेक्शनचा, म्हणजे क्लासला लागणाऱ्या गोष्टी बाहेरून देण्याचा, मुद्दा, आणि माझ्या मते मोठ्या ॲपमध्ये पारडं इथेच फिरतं. स्क्वेअर कंपनीचं ‘डॅगर’ २०१२ साली आलं, गूगलनं ते पुढे नेऊन डॅगर २ केलं आणि २०२० साली त्यावर ‘हिल्ट’ बांधलं. हिल्टला सगळ्यात सोपा कन्स्ट्रक्टर समजतो. क्लासला काय काय लागतं हे कन्स्ट्रक्टरच्या कंसात लिहा, वर ‘इंजेक्ट’ लावा, बाकी हिल्ट जुळवतं. टेस्ट लिहिताना त्याच कंसात खोटा सर्व्हर, खोटा डेटाबेस देता येतो. उलट क्लासनं आतल्या आत ‘डेटाबेस.गेटइन्स्टन्स’ बोलावली तर ती गरज बाहेरून दिसत नाही आणि टेस्टमध्ये बदलताही येत नाही. सेवा देणाऱ्या क्लासांत, म्हणजे रिपॉझिटरी, नेटवर्क क्लायंट यांत, स्टॅटिक ‘गेटइन्स्टन्स’ दिसली की मी ती बदलायला सांगतो. किमतीच्या क्लासांत, म्हणजे पिनकोड, रक्कम, तारीख यांत, ‘ऑफ’ किंवा ‘पार्स’ दिसली तर राहू देतो. या दोन जातींचा फरक न करता एकच नियम सगळीकडे लावला की वाद संपत नाही.

ॲन्ड्रॉइडवर स्क्रीन रचण्याची नवी पद्धत म्हणजे जेटपॅक कंपोज. तिची १.० आवृत्ती जुलै २०२१ मध्ये आली आणि नव्या ॲपांमध्ये स्क्रीन म्हणजे फंक्शन झाली. फ्रॅगमेंटचा कन्स्ट्रक्टर हा प्रश्न तिथे उरतच नाही. पण हिंगणा रोडवरून बाहेर पडणारा मुलगा पहिल्या नोकरीत बहुधा जुन्या ॲपची डागडुजी करतो, आणि तिथे फ्रॅगमेंट अजून बरीच वर्षं राहणार आहेत.

नव्या क्लाससाठी माझा कौल कन्स्ट्रक्टरच्या बाजूनं आहे. फॅक्टरी मेथड लिहायची तर तिचं कारण एका वाक्यात सांगता यावं: मजकूर साफ करायचा आहे, शांतपणे नकार द्यायचा आहे, थांबून बनवायचा आहे, किंवा खरा क्लास लपवायचा आहे. ‘पुस्तकात लिहिलंय’ हे त्या यादीत नाही.

आणि प्रोजेक्ट तपासणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या (एमएसबीटीई) पदविकेत मोबाइल ॲप्लिकेशन डेव्हलपमेंट हा विषय आहे, अभियांत्रिकीच्या मुलांचेही ॲपचे प्रोजेक्ट असतात. तोंडी परीक्षेत फॅक्टरी मेथडचे फायदे विचारण्याआधी फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ सुरू करा, फोनची भाषा मराठी करा, विद्यार्थ्याचं ॲप उघडून मधल्या स्क्रीनवर जा, होम बटण दाबा आणि परत या. स्क्रीनवर जे दिसेल, त्यावरून पुढचे प्रश्न विचारा.